आज सोमार, बाईनू

जानेवारीतला एक सोमवार. फळ्यावर मी गणित लिहिलं होतं. एका टोपलीत १२ बांगडे आहेत, ते चार घरांत सारखे वाटले, तर प्रत्येक घराला किती? पुस्तकात असली गणितं सफरचंदांवर असतात. आमच्या वाडीत सफरचंद येतं ते कुणी आजारी पडलं तर. म्हणून आदल्या रात्री टाचण काढताना मी सफरचंदं खोडून बांगडे घातले होते. बांगडे टोपलीनं मोजतात ना, एवढं घरमालकीणकाकींना विचारूनही घेतलं होतं.

तिसरीतल्या एका मुलानं लगेच हात वर केला.

"शून्य."

मला वाटलं, भागाकार अजून बसला नाही. मी जवळ गेले. त्याच्या पाटीवर काहीच लिहिलेलं नव्हतं. "शून्य कसं काय?"

"आज सोमार, बाईनू. बांगडे कोण खातलो?"

वर्ग असा हसला की पलीकडे पहिली-दुसरीला शिकवणारे मोठे गुरुजी दारात येऊन उभे राहिले. मला टेबलाला धरून हसावं लागलं. आवाज खाली बसला, तसा तो मुलगा शांतपणे म्हणाला, "उद्या इचारलात तर तीन."

त्याला उत्तर पहिल्यापासून येत होतं. भागाकार येत होता, सोमवार माहीत होता, आणि दोन्ही एकत्र केले तर बाई हसतील याचाही अंदाज होता. त्या दिवशी मी घरी जाऊन वहीत लिहून ठेवलं: तिसरीला भागाकार समजला. कोणत्याही चाचणीवरून मला हे इतकं स्पष्ट कळलं नसतं.

मी लातूरची. फेब्रुवारी-मार्च २०२३ मध्ये शिक्षक अभियोग्यता चाचणी दिली. २०० प्रश्न, १२० मिनिटं. नंतर पवित्र पोर्टलवर पसंतीक्रम भरला, वर्षभर यादीची वाट पाहिली, आणि मार्च २०२४ मध्ये सिंधुदुर्गात कुडाळ तालुक्यातल्या एका वाडीच्या शाळेत शिक्षणसेवक म्हणून रुजू झाले. पहिली तीन वर्षं मानधनावर. प्राथमिकला हे मानधन पूर्वी ६,००० रुपये होतं, २०२३ पासून १६,००० झालं. माझ्याआधी सहा हजारांवर घर सोडून परजिल्ह्यात राहिलेल्या शिक्षकांचा विचार मनात आला की मला त्यांच्यापुढे नमस्कार करावासा वाटतो.

लातूरहून रात्रीच्या गाडीनं कोल्हापूर, तिथून दुसऱ्या गाडीनं घाट उतरायचा. घाट उतरताना कान बंद होतात आणि खाली आल्यावर हवाच बदललेली असते, ओली, जड, फणसाच्या वासाची. शाळा जांभ्या दगडाची, वर कौलं. दोन खोल्या, दोन शिक्षक, १७ मुलं. मोठे गुरुजी इथलेच. पहिली-दुसरी त्यांच्याकडे, माझ्याकडे तिसरी-चौथीची नऊ लेकरं. गुरुजी बैठकीला गेले की सतराही माझी.

मार्चमध्ये परीक्षा तोंडावर होत्या, ते दिवस कळलेच नाहीत. खरी शाळा माझ्यासाठी जूनमध्ये सुरू झाली, आणि पहिल्या आठवड्यातच माझ्या लक्षात आलं की मी मराठीत बोलते आहे, मुलं मालवणीत ऐकत आहेत, आणि मधल्या वाटेवर बरंच काही सांडतं आहे. हजेरी घेताना मी नाव घ्यायची. "हजर" म्हणायच्या ऐवजी "इलंय" यायचं. एक मुलगी चार दिवस आली नाही. मी तिचं नाव घेतलं की सगळा वर्ग एकदम सांगायचा, "ती इली नाय, तेंच्या गायीक पाडो झालो." मी हजेरीपत्रकात गैरहजर लिहायचे. मुलांच्या दृष्टीनं मात्र ती घरी कामावर हजर होती, आणि हे मला कळायला हवं होतं. पाचव्या दिवशी ती आली ती वर्गाला खरवस घेऊन. पितळी डबा, वर केळीचं पान बांधलेलं. माझ्यासाठी वेगळा तुकडा, गुळाचा, वेलची घातलेला.

मी एक वही केली. डाव्या बाजूला मुलांचा शब्द, उजवीकडे पुस्तकातला. बाव म्हणजे विहीर. झील म्हणजे मुलगा. चेडू म्हणजे मुलगी. खंय म्हणजे कुठे. हयसर म्हणजे इथे. मुलांना ही वही फार आवडली, कारण ती भरायची तर बाईंना त्यांच्याकडून शिकावं लागायचं. मी "व्हया" चुकीच्या ठिकाणी वापरलं की ती हसायची आणि लगेच दुरुस्त करून द्यायची. त्याबरोबरच त्यांना माझी लातुरी ऐकायची असायची. मी "लेकरांनो" म्हटलं की मागच्या बाकावरून कुणीतरी माझ्याच सुरात "लेकरांनो" म्हणायचं. नक्कल इतकी हुबेहूब असायची की मला आईची आठवण यायची.

आता रात्रीचं सांगते.

शाळा सुटली की मुलं पाच मिनिटांत झाडीत नाहीशी होतात. मग ऑनलाइन माहिती, पोषण आहाराची नोंद, गटावर आलेले 'तातडीने' या शब्दानं सुरू होणारे निरोप. ते सगळं संपवून, उद्याचं टाचण काढून, काकींकडे जेवून मी माझ्या खोलीत येते तेव्हा साडेनऊ झालेले असतात. बाहेर पाऊस. इथला पाऊस आमच्या पावसासारखा येऊन जात नाही, तो मुक्कामाला असतो. कौलांवर त्याचा आवाज सुरू झाला की दुसरं काही ऐकू येत नाही. अशा वेळी मी कानात हेडफोन घालून, पांघरूण ओढून मोबाइलवर लक्ष्याचे, म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डेंचे, पिक्चर बघायचे. 'धुमधडाका'. 'थरथराट'. 'झपाटलेला'. आणि 'अशी ही बनवाबनवी', जो मी किती वेळा पाहिला आहे ते आता मोजण्यात अर्थ नाही.

हे मी कुणाला सांगत नव्हते. अण्णा, म्हणजे माझे वडील, निवृत्त शिक्षक. साने गुरुजी हे त्यांच्यासाठी घरातलं माणूस. अत्र्यांचा १९५३ चा 'श्यामची आई', ज्याला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं, तो आमच्या घरी सणासारखा पाहिला जायचा. मी नऊ-दहा वर्षांची असताना झी टॉकीज सुरू झालं आणि लक्ष्या-अशोकचे पिक्चर रोज घरात येऊ लागले. अण्णा खोलीत आले की मी चॅनेल बदलायचे. त्यांनी कधी रागावून बंद कर म्हटलं नाही. "धांगडधिंगा" एवढंच म्हणायचे आणि वर्तमानपत्र उघडायचे. ते मला पुरेसं होतं. पुढे डी.एड.ला असताना आमच्या वसतिगृहातही तसंच. तिथं 'श्वास'वर, 'शाळा'वर चर्चा व्हायच्या, आणि त्या मला मनापासून आवडायच्या. पण कुणी आवडता पिक्चर विचारला की मी 'श्वास' सांगायचे. तो आवडता होताच. रात्री मात्र मला 'झपाटलेला'तला तात्या विंचू हवा असायचा.

परीक्षेची तयारी आणि यादीची वाट यांत गेलेल्या वर्षांत मी हसायचं जवळजवळ सोडून दिलं होतं. मैत्रिणींची लग्नं झाली, काहींनी दुकानं टाकली, काही पुण्याला गेल्या. घरात माझ्या तोंडाकडे बघून सगळे हळू बोलायचे. त्या काळात रात्री झोपण्याआधीची वीस मिनिटं हे पिक्चर माझ्या सोबतीला होते. लक्ष्मीकांत बेर्डेंच्या घाबरलेल्या डोळ्यांनी मला कितीतरी रात्री झोप मिळवून दिली आहे. एवढं असून नोकरी लागल्यावर, बाई झाल्यावर, तेच बघताना मला अपराधी वाटायचं. फोनवर अण्णा विचारायचे, "काय करत होतीस?" मी म्हणायचे, "वाचत होते."

मग ऑगस्टमधल्या एका सकाळी परिपाठ संपला आणि दुसरीतला एक छोटा, काकींचा नातू, माझ्यापुढे येऊन उभा राहिला. चेहरा गंभीर. मागं चार-पाच जणं, तीही गंभीर.

"बाईनू, तुमका काय लागलांहा?"

मला आधी कळलंच नाही. पाय ठेचकाळलाय का असं विचारतोय वाटलं. मग चौथीतल्या मुलीनं उलगडून सांगितलं. हा रात्री लघवीला उठला होता. बाईंच्या खोलीत काळोख होता आणि आतून बाई एकट्याच हसत होत्या. खूप वेळ. त्यानं आजीला उठवलं, आजीनं "देवाचा नाव घे आणि नीज" म्हणून झोपवलं. सकाळपासून सगळ्या वाडीच्या मुलांत एकच चर्चा होती, की बाई पिंपळाखालून संध्याकाळी एकट्या आल्या असणार. एका मुलीनं तर खिशातून अंगारा काढून माझ्यापुढे धरला. कागदाच्या पुडीत, नीट बांधून आणलेला.

त्या पुडीनं माझ्या घशात आवंढा आला. इतकी छोटी लेकरं बाईंच्या काळजीनं घरातून अंगारा घेऊन आली होती. त्यांच्याशी खोटं बोलणं मला शक्य नव्हतं. मी अंगारा कपाळाला लावला आणि म्हटलं, "मी मोबाइलवर पिक्चर बघत होते."

"खयचो?"

क्षणभर 'श्यामची आई' जिभेवर आलं होतं. पण मी म्हटलं, "झपाटलेला."

त्यानंतर पाच मिनिटं मला शाळा आवरता आली नाही. सतराच्या सतरा जणांना तात्या विंचू माहीत होता. कुणी बाहुल्यासारखे हात ताठ करून चालू लागलं, कुणी मंत्र पुटपुटू लागलं. आणि तो नातू, जो रात्रभर माझ्यासाठी घाबरला होता, तो इतका सुटल्यासारखा हसला की त्याला उचकी लागली. मोठे गुरुजीही हसत होते. नंतर चहाच्या वेळी त्यांनी विचारलं, "मॅडम, 'बनवाबनवी' आहे काय मोबाइलमध्ये?"

त्या प्रसंगानं माझं शिकवणं खरोखर बदललं. मुलांना प्रश्न पडला होता की बाहुला बोलतो कसा. मी त्यांना रामदास पाध्यांबद्दल सांगितलं, ओठ न हलवता आवाज काढायच्या शब्दभ्रमाच्या कलेबद्दल सांगितलं. मग लक्षात आलं की बाहुल्यांचं गाव तर आमच्याच तालुक्यात आहे. पिंगुळीच्या ठाकर समाजानं कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथी पिढ्यान्‌पिढ्या जपल्या. तिथले परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. एका शनिवारी आम्ही मुलांना तिकडे घेऊन गेलो. परत आल्यावर चौथीच्या एका मुलानं मोडक्या छत्रीच्या काड्या आणि सुतळी घेऊन करवंटीचा बाहुला केला. तो अजून वर्गात खिळ्याला टांगलेला आहे. वाचनाच्या तासाला तो चुका करत वाचतो आणि मुलं त्याला सुधारतात. त्याला बोलता करायचं काम वर्गात पाळीपाळीनं असतं. बाहुल्याच्या तोंडी चूक घालायची तर बरोबर काय ते आधी माहीत असावं लागतं, म्हणून ज्याची पाळी असेल तो आदल्या दिवशी धडा घरून वाचून येतो. मी सांगितलेला गृहपाठ इतक्या मनानं कुणी केलेला मला आठवत नाही.

दुसरी गोष्ट मी अशोक सराफांकडून घेतली. हे मी अगदी मनापासून लिहिते आहे. 'बनवाबनवी'त घरमालक सरपोतदार आपल्या सत्तर रुपयांचा विषय काढतात तो प्रसंग मी शेकडो वेळा पाहिला आहे. पूर्वी संवादांवर हसायचे. बाई झाल्यावर मला पहिल्यांदा दिसलं ते अशोक सराफांचं थांबणं. समोरच्याचं बोलणं संपलं तरी त्यांचे धनंजय माने लगेच बोलत नाहीत. चेहरा तसाच. बघणारा त्या फटीत पुढे झुकतो, आणि मगच वाक्य येतं. डी.एड.ला आम्हाला मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेचं काम अभ्यासाला होतं. १९७० च्या दशकात तिनं वर्गांमधली संभाषणं तपासली होती. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांब आणि विचार केलेली येतात, असं तिला दिसलं. परीक्षेत मी हे लिहून गुण मिळवले होते. वर्गात मात्र प्रश्न विचारून मीच उत्तर देऊन टाकत होते, कारण ती शांतता मला सोसायची नाही. अभ्यासक्रम मागे पडेल, मुलांना येत नाही असं दिसेल, बाहेरून कुणी बघेल.

आता मी थांबते. प्रश्न विचारते, खडू खाली ठेवते, हात मागे घेते. पहिल्या दिवशी त्या शांततेत फक्त कौलांवरून पडणारं पाणी ऐकू येत होतं. दोन मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. मग तिसरीतली एक मुलगी, जी एरवी हो-नाहीच्या पुढे जात नसे, म्हणाली, "बाईनू, माका ठावक आसा, पण मराठीत येना नाय." मी म्हटलं, मग मालवणीत सांग. तिनं जे सांगितलं ते पूर्ण बरोबर होतं, आणि तिच्या मागून आणखी तिघांनी आपापलं सांगितलं. सोमवारचे बांगडे हे त्या थांबण्याच्या चार-पाच महिन्यांनंतरचे. मी पूर्वीसारखी घाईत असते तर "शून्य" ऐकून "चूक, बस खाली" म्हणाले असते, आणि तो सोमवार मला कधीच कळला नसता.

हसण्याचा इथल्या मातीशी किती जुना संबंध आहे ते मला जत्रांच्या दिवसांत कळलं. कार्तिकानंतर गावोगावच्या जत्रा सुरू होतात आणि देवळापुढे रात्रभर दशावतार चालतो. लिहिलेली संहिता नाही. नट कथा ठरवतात आणि संवाद उभ्या उभ्या रचतात. सुरुवातीला काळ्या वेषातला संकासूर येतो, मालवणीत बोलतो, आणि म्हाताऱ्यांपासून तान्ह्यांपर्यंत सगळे हसतात. मी काकींबरोबर चटईवर बसून पहाटेपर्यंत पाहिलं. माझे विद्यार्थी पहिल्या रांगेत होते, डोळे टक्क उघडे. दुसऱ्या दिवशी शाळेत निम्मी मुलं पेंगत होती. मला आधी राग येणार होता. पण मधल्या सुट्टीत पाहते तर व्हरांड्यात दशावतार उभा राहिलेला. कुणाचा तरी काळा रेनकोट घालून सोमवारवाला मुलगा संकासूर झाला होता, आणि आदल्या रात्रीचा एकही संवाद न वापरता स्वतःचे रचत होता. त्यात मोठ्या गुरुजींचा चष्मा होता, पोषण आहाराची खिचडी होती, बाईंची रेंज शोधत आवारभर फिरायची सवय होती. ही मुलं निबंध लिहायला बसली की चार ओळींत संपतात असं मी गुरुजींकडे तक्रार करत होते. गुरुजी म्हणाले, "उभ्यानं बोलू द्या, मग लिहून घ्या." तेव्हापासून आमचे निबंध आधी व्हरांड्यात होतात.

सगळं हसणं मात्र असं सुखाचं नव्हतं. एक मला लागलं होतं, आणि ते सांगितल्याशिवाय हे लिहिणं पुरं होणार नाही.

पहिल्याच पावसाळ्यात परिसर अभ्यासाच्या तासाला पाण्यावर बोलत होतो. मी म्हटलं, २०१६ साली माझ्या गावाला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. वर्ग हसला. मोकळेपणानं, सोमवारी हसला तसाच. बाहेर तीन दिवस पाऊस थांबला नव्हता, शाळेच्या पायरीवरून पाणी वाहत होतं, आणि बाई सांगत होत्या की पाणी गाडीत बसून येतं. "तिकीट काडल्यान काय?" कुणीतरी विचारलं. पुन्हा हशा.

मी फळ्याकडे वळले, कारण डोळे भरून आले होते. तेव्हा मी बारावीत होते. शहरात पाणी भरायच्या ठिकाणी जमावबंदी लावली होती. आई पहाटे तीनला घागरी घेऊन रांगेत जायची. एप्रिलमध्ये मिरजेहून पहिली गाडी आली, दहा वाघिणी, प्रत्येकीत ५० हजार लिटर. अण्णा मला ती गाडी दाखवायला घेऊन गेले होते. स्टेशनाबाहेर माणसं हात जोडून उभी होती.

मी वळले आणि थांबले. सांगायचं तर नीट सांगायचं ठरवलं. फळ्यावर ५०,००० लिहिलं आणि दहा वाघिणी काढल्या. आम्ही तेव्हा दहा हजारांपर्यंतच आलो होतो, पाच लाख हा आकडा मुलांनी वर्गात कधी लिहिला नव्हता. त्यांनी एकेक शून्य मोजलं. मग मी विचारलं, आपल्या शाळेच्या टाकीत किती मावतं? एक हजार लिटर. म्हणजे अशा किती टाक्या? पाचशे. हसणं केव्हाच थांबलं होतं. आणि मग चौथीतली अंगारा आणणारी मुलगी हळूच म्हणाली, "आमची बाव पण मे म्हयन्यात आटता. आई खालच्या वाडीतसून हंडे हाडता." आणखी दोन हात वर गेले. एवढा पाऊस पडणाऱ्या गावात उन्हाळ्यात हंडे वाहणाऱ्या बायका आहेत, हे मला त्या दिवशी माझ्याच वर्गानं शिकवलं. सुट्टीत गावी निघून जाणाऱ्या मला ते दिसलंच नव्हतं. जांभ्यातून पाणी झिरपून खाली निघून जातं, असं गुरुजींनी नंतर समजावलं.

त्याच रात्री अण्णांचा फोन आला. काय करत होतीस? मी म्हटलं, "'बनवाबनवी' बघत होते." पलीकडे जरा वेळ काही आवाज नाही. मग ते म्हणाले, "लक्ष्मीकांत गेला तेव्हा तू पहिलीत होतीस. जेवली नव्हतीस." १६ डिसेंबर २००४. मला ते आठवत नव्हतं. अण्णांना आठवत होतं.

२०२५ साली पाऊस फार लवकर आला. २५ मेलाच मान्सून कोकणात पोचला. जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी मुलांनी मला सांगितलं की यंदा ती गाऱ्हाणं घालणार आहेत. देवापुढे गावातला जाणता माणूस गाऱ्हाणं घालतो आणि प्रत्येक वाक्याला बाकीचे "व्हय म्हाराजा" म्हणतात, ते मी जत्रेत ऐकलं होतं. व्हरांड्यात पाटावर नारळ ठेवला होता. पुढे उभा राहिला तो सोमवारवाला, आता चौथीत गेलेला, डोक्यावर टॉवेल.

"बा देवा म्हाराजा, आज जी काय आमी पोरां हयसर जमलेली आसत, तेंका चाचणीचो पेपर सोपो येव दे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

"गुरुजींचो गुडघो बरो कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

"बाईंच्या मोबाइलाक रेंज येव दे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

मग तो थांबला. मी वर्गात थांबते तसाच, हात मागे घेऊन. "आणि आमच्याकडचो जास्ती झालेलो पाऊस बाईंच्या गावाक धाड रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज त्याला झाला.

सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात पूर आला. मांजरा पात्राबाहेर गेली, काकांचं सोयाबीन काढणीला आलं असताना पाण्यात उभं राहिलं. घरी फोन लागत नव्हता. मी शाळेत नेहमीसारखी शिकवत होते, निदान मला तसं वाटत होतं. मधल्या सुट्टीत मी हात धुवायला नळावर गेले तर तो मुलगा मागून आला. टीव्हीवर त्यानं पाहिलं होतं. बराच वेळ तो नळाच्या चौथऱ्याचा कोपरा नखानं उकरत राहिला.

"बाईनू," तो म्हणाला, "आमी जास्ती मागला काय?"

मी त्याला जवळ घेतलं. ढग कुठून येतात, कमी दाबाचा पट्टा कसा तयार होतो, पाऊस कुणाच्या मागण्यावर नसतो, हे सगळं मी त्याला सांगितलं, खाली बसून, जमिनीवर काडीनं नकाशा काढून. त्यानं नीट ऐकून घेतलं. मग उठला, आत गेला, बाकीच्यांना घेऊन बाहेर आला. नारळ नव्हता, म्हणून पाटावर करवंटीचा बाहुला बसवला.

"बा देवा म्हाराजा, बाईंच्या गावाक आता पुरे कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."